एकास सतरा

दामोदर लांजेवार एप्रिलच्या तीस तारखेला स्टील प्लांटमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्यांनी क्वार्टरच्या मागचं परस मोजायला घेतलं. त्या परसात छोटी रेल्वे पहिल्यांदा पूर्ण फेरी फिरली ती सहा वर्षं आणि आठ महिन्यांनी. रूळ टाकणं, इंजिन बनवणं आणि तीन डबे उभे करणं, या सगळ्याला मिळून सव्वा वर्ष लागलं. बाकीचा काळ स्केल ठरवण्यात गेला.

स्केल म्हणजे खरी वस्तू किती पटीने लहान करायची तो आकडा. एकास दहा धरलं तर दहा मीटरचा डबा एक मीटरचा होतो. एकास शंभर धरलं तर तोच डबा वीतभरही उरत नाही. छोटी रेल्वे बनवणारे हा आकडा आधी ठरवतात, कारण रुळांमधलं अंतर, वळण, चाक, खिडकी, सगळं त्यावरून निघतं. बहुतेकजण जागा पाहतात, मिळणारं सामान पाहतात आणि एका संध्याकाळी ठरवून मोकळे होतात. लांजेवारांनी तो तीनदा ठरवला. तिसऱ्यांदा ज्या कारणाने ठरवला ते कारण मी नंतर या छंदातल्या चार-पाच लोकांना सांगितलं. त्यांच्यापैकी कोणीही तसं ऐकलेलं नव्हतं.

मी तेव्हा एका वर्तमानपत्राच्या भिलाई कार्यालयात होते आणि लांजेवारांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होते. दोन परसांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती. इथे लिहिलेलं बहुतेक त्या भिंतीवरून पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, ते त्यांनी किंवा त्यांच्या पत्नीने, वेणूबाईंनी, सांगितलेलं आहे.

लांजेवार पवनी तालुक्यातले, धानाची शेती असलेल्या घरातले. प्लांटमध्ये त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. तयार झालेला रूळ सरळ आहे की नाही ते पाहायचं. यंत्रं पुढे आली, तरी ते स्वतः रुळाच्या टोकाशी उकिडवे बसत, डावा डोळा मिटत आणि उजव्या डोळ्याने कडेवरून नजर पार दुसऱ्या टोकापर्यंत पळवत. नंतर पट्टी लावून मोजत. नजरेने सांगितलेलं आणि पट्टीने दाखवलेलं जुळलं तर पुढचा रूळ. जुळलं नाही तर ते पुन्हा बसत, आणि पट्टीही पुन्हा लावत. नजरेची चूक आहे की पट्टीची, हे ठरल्याशिवाय ते उठत नसत, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या एकाने मला सांगितलं.

ही सवय घरी आली होती. दाराची चौकट, कपडे वाळत घालायची तार, ओट्याची कडा, प्रत्येक गोष्टीकडे ते एक डोळा मिटून पाहत. माझ्या फाटकाचा वरचा पाइप वाकडा आहे हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. नाव नंतर विचारलं.

आमची नीट ओळख झाली ती एका बातमीमुळे. प्लांटच्या लांब रुळांवर मी लिहिलं होतं आणि रुळाच्या लांबीआधी ‘सुमारे’ हा शब्द टाकला होता. लांजेवार सकाळी कात्रण घेऊन भिंतीशी आले. त्यांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली होती.

“पेपरवाल्या बाई, हे ‘सुमारे’ कावून लिवलं?”

मी म्हटलं, काका, वाचकाला तेवढं पुरतं.

“वाचकाले पुरते. गाडीले नाई पुरत.” एवढं बोलून कात्रण घडी घालून त्यांनी खिशात ठेवलं. आवाज चढला नव्हता. त्यानंतर मी तो शब्द लिहिताना दरवेळी थांबले आहे.

अंदाज हा शब्द त्यांना चालत नसे. “अंदाज म्हन्जे आळस,” असं ते म्हणत. वेणूबाई त्यावर म्हणत की यांच्या हाती स्वयंपाक दिला तर मीठ पडायला दुपार होईल.

रेल्वे का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की चौतीस वर्षांत हातांखालून गेलेले रूळ कुठे टाकले गेले ते त्यांना माहीत नाही. आपण पाहिलेल्या रुळावरून गाडी जाताना त्यांनी एकदाही उभं राहून पाहिलेली नव्हती. ती पाहायची होती. गाडी लहान असली तरी चाललं असतं.

त्यात दुसरी गोष्ट त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आली. वेणूबाईंना बारा वर्षांपासून साखरेचा आजार होता. दुर्गला पद्मनाभपुरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासून सांगितलं की नजर जाणार आहे. उपचाराने वेग कमी होईल, थांबणार नाही. किती दिवस, हे त्यांनी सांगितलं नाही. लांजेवारांनी तीन वेळा विचारलं, असं वेणूबाई म्हणाल्या. डॉक्टर ‘अंदाजे’ म्हणाले आणि लांजेवार उठले.

घरी आल्यावर वेणूबाईंनी परसात मांडलेल्या खुंट्या आणि सुतळ्या पाहिल्या. त्या दिवशी मी भिंतीशी होते.

“घाई करा म्हनत नाई मी,” त्या म्हणाल्या. “पन मले दिसून राहिलं तवर करा.”

“हाओ,” लांजेवार म्हणाले.

ते घाई करू शकले नाहीत.

पहिलं स्केल मुलीने ठरवलं, असं म्हणता येईल. ती बंगळुरूला असते. तिने वडिलांना वाढदिवसाला परदेशी बनावटीचा एक तयार संच पाठवला. एकास सत्त्याऐंशी. डबा बोटभर लांबीचा, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. फोनवर ती म्हणाली, “बाबा, अब बस जोडायचं आणि चालवायचं, कुछ सोचना नहीं है.” लांजेवारांनी तो संच परसात सिमेंटच्या पट्टीवर मांडला आणि आठ दिवस चालवला. मग भिंतीवरून मला वही दाखवली. नोंदी अशा होत्या: पेरूचं पान, गाडी थांबली. मुंगळा, गाडी घसरली. पेरूचं पान. वारा, शेवटचा डबा पडला. पेरूचं पान.

“पान डब्यापेक्षा मोठं हाय,” ते म्हणाले. “खऱ्या लाइनीवर असं पान पडलं तं पूर्ण स्टेशन झाकन.”

वेणूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर होत्या. व्हरांड्यापासून रूळ साडेचार मीटरवर होता. गाडी दिसते का, असं लांजेवारांनी विचारलं. वेणूबाई म्हणाल्या की काहीतरी सरकून राहिलं, पण ते गाडी आहे हे तुम्ही सांगितलं म्हणून.

संच खोक्यात परत गेला. दिवाळीला मुलगी आली तेव्हा तो बैठकीतल्या कपाटावर, पान पडणार नाही अशा जागी, मांडलेला होता.

दुसरं स्केल लांजेवारांनी स्वतः काढलं. परसाची लांबी, वळणाला लागणारी जागा, पेरूच्या पानाची सरासरी रुंदी (त्यांनी चाळीस पानं मोजली होती) आणि व्हरांड्याचं अंतर, हे सगळं धरून रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर ठरलं. आपली मोठी लाइन, ज्यावर प्लांटचे रूळ जातात, ती सोळाशे शहात्तर मिलिमीटरची. भागाकार सदतीस. एकास सदतीस. या भागाकाराला त्यांना अकरा महिने लागले. भागाकार सोपा होता. भाज्य आणि भाजक खात्रीचे करण्यात वेळ गेला.

हथखोजच्या औद्योगिक भागात साहू नावाच्या गृहस्थांचं लेथ मशीनचं दुकान आहे. चाकं तिथे कापायची ठरली. लांजेवार नकाशा घेऊन गेले तेव्हा मीही बरोबर होते, दुसऱ्या एका बातमीसाठी. साहूंनी नकाशावरचं माप पाहिलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “लांजेवार साहब, चक्का बनवाना है कि कुर्ते का बटन?” लांजेवारांनी नकाशा पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. साहूंनी कापलेल्या सोळा चाकांपैकी पाच त्यांनी परत केली. साहूंनी ती पुन्हा कापली. दुसऱ्या खेपेला एक परत गेलं. त्यानंतर साहूंनी स्वतःच एक डोळा मिटून चाक पाहायला सुरुवात केली, आणि परत जाणं थांबलं.

रूळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे होते. दर मीटरला जोड येणार होता. इथे लांजेवारांनी जी चूक केली ती दुसऱ्या गावातल्या माणसाने केली नसती.

भिलाईत रूळ पाहणाऱ्या माणसाचा अभिमान लांबीचा असतो. रूळ जितका लांब तितके जोड कमी, आणि जोड कमी म्हणजे गाडीची खडखड कमी. चौतीस वर्षं ज्याने जोड नाहीसे होताना पाहिले, त्याला स्वतःच्या परसात दर मीटरला फट ठेवणं जमेना. त्यांनी जानेवारीत सगळे जोड झाळून घेतले. नऊ मीटरचा सलग रूळ, दोन्ही बाजूंना, एकही फट नाही. ते टोकाशी उकिडवे बसले, डावा डोळा मिटला आणि बराच वेळ पाहत राहिले. मला भिंतीवरून बोलावून दाखवलं. तो रूळ ताणलेल्या दोऱ्यासारखा होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमाराला परसातून एक आवाज आला, पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडावं तसा. मी बाहेर आले. मधल्या भागात रूळ हातभर लांबीत बाजूला फेकला गेला होता. नागमोडी झाला होता. लांजेवार डोक्यावर पंचा घेऊन त्याच्याशेजारी बसले होते. त्यांनी तळवा रुळावर ठेवला आणि लगेच उचलला.

संध्याकाळी त्यांनी मला कारण समजावलं. खऱ्या लाइनीवर सलग रूळसुद्धा उन्हात वाढू पाहतो. पण खालचे काँक्रीटचे स्लीपर आणि गिट्टी त्याला दाबून धरतात. परसातले स्लीपर लाकडाचे, बोटाएवढे.

“मले वाटलं, सगळंच सदतीस पट कमी होते,” ते म्हणाले. “वजन नाई होत, बाई. वजन सदतीस गुनिले सदतीस गुनिले सदतीस कमी होते. धरून ठेवनारं काईच उरत नाई.”

थोड्या वेळाने म्हणाले, “आन् ऊन तं जसंच्या तसं.”

वहीत त्यांनी ‘चूक माझी’ असं लिहिलं आणि तारीख घातली. वहीच्या कोणत्याही पानावर दुसऱ्या कोणाची चूक लिहिलेली नाही. साहूंनी परत घेतलेल्या चाकांपुढे फक्त मापं आहेत.

रूळ उखडला गेला. या काळात वेणूबाईंच्या डोळ्यांत तीन इंजेक्शनं झाली होती. वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत होता, खालची बातमी येत नव्हती.

लांजेवारांनी मग रुळाचं काम बाजूला ठेवलं आणि वेणूबाईंना किती दिसतं ते मोजायला घेतलं. पुठ्ठ्याचे डबे कापले, पाच वेगवेगळ्या मापांचे, आणि गडद लाल रंगाने रंगवले. खिडक्या पांढऱ्या, प्रत्येकावर पाच. रोज सकाळी आठ वाजता, ऊन पेरूच्या झाडाच्या वर येण्याआधी, एक पुठ्ठा सुतळीला बांधून परसातून ओढायचा. वेणूबाईंनी व्हरांड्यातून सांगायचं की डबा कधी दिसला आणि खिडक्या किती. त्या उत्तर देत आणि लांजेवार लिहीत. हे तीन महिने चाललं.

एका सकाळी त्यांनी पाच खिडक्यांऐवजी चार खिडक्यांचा पुठ्ठा ओढला. वेणूबाई म्हणाल्या, पाच. दुसऱ्या दिवशी सहा खिडक्यांचा ओढला. वेणूबाई म्हणाल्या, पाच.

लांजेवारांनी सुतळी गुंडाळली, पुठ्ठा आत ठेवला आणि चहा मागितला. नंतर ती वही मी पाहिली. त्या दिवसापासून तिच्यात दोन रकाने झाले होते. एकावर लिहिलं होतं ‘सांगितले’, दुसऱ्यावर ‘दिसले’. पहिल्या रकान्यात रोज पाच. दुसरा रकाना मोकळा. बातमीदारीत आम्हाला हा फरक शिकवायला वर्ष घालवतात आणि तरी तो सगळ्यांना येत नाही.

वेणूबाईंनी मला पुढे सांगितलं की त्यांना ठाऊक होतं, यांना ठाऊक आहे. “पन रोज सकाळी आठ वाजता तयार होऊन बसाचे. हातात पट्टी. मी नाई दिसत म्हनली असती तं बंद केलं असतं त्यायनं. म्हून पाच म्हनत होती.”

पुठ्ठे ओढणं त्यांनी आणखी सहा आठवडे चालू ठेवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या अखेरीस वेणूबाईंची नजर गेली. उजेड आणि अंधार कळतो, माणूस उभा राहिला तर सावली कळते. त्या पावसाळ्यात लांजेवारांनी परसात रेल्वेचं काही केलं नाही. जिथे रूळ होता तिथे मिरची लावली. वही दिसली नाही. मी एकदा विषय काढला. त्यांनी फाटकाचा पाइप अजून वाकडाच आहे असं सांगितलं.

काम पुन्हा सुरू झालं ते तांदळामुळे. हा प्रसंग दोघांनी मला वेगवेगळा सांगितला आणि दोन्ही हकिगती जुळतात. दसऱ्याच्या आधी गावाहून नवे तांदूळ आले होते. वेणूबाई ताट मांडीवर घेऊन निवडत होत्या. निवडलेलं ताट लांजेवारांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं, त्यांच्या सवयीप्रमाणे, आणि ठीक आहे म्हणाले. वेणूबाईंनी त्याच ताटावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि एक खडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तो तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याहूनही लहान होता आणि रंगाने तांदळासारखाच होता.

“तुमचा डोळा गेला का माहा?” त्या म्हणाल्या.

लांजेवार तो खडा हातात धरून बराच वेळ बसले होते, असं वेणूबाईंनी सांगितलं. लांजेवारांनी मला सांगितलं की त्यांनी तो मोजला. दीड मिलिमीटर.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. आता त्यांनी पितळेच्या पत्र्याच्या तुकड्यांवर बारीक तारा झाळल्या, खिडकीच्या सळयांसारख्या उभ्या. एका तुकड्यावर तारा एकमेकींपासून दोन मिलिमीटरवर, दुसऱ्यावर तीन, मग चार, पाच, सहा, सात. तारांची संख्या प्रत्येकावर वेगळी. वेणूबाईंनी एकदाच बोट फिरवून किती तारा ते सांगायचं. या वेळी पाचाचा आकडा चालणार नव्हता, आणि त्यांनी तो सांगितलाही नाही. दोन मिलिमीटरवर त्या म्हणाल्या, खरखरीत लागते, मोजता येत नाही. चारवर त्यांचं एकदा चुकलं, एकदा बरोबर आलं. सहावर त्या वीस वेळांपैकी वीस वेळा बरोबर होत्या. दोन्ही रकान्यांत, ‘सांगितले’ आणि ‘दिसले’, एकच आकडा होता. ‘दिसले’ हा शब्द त्यांनी बदलला नव्हता.

आता प्रश्न असा होता की खिडकीच्या सळया सहा मिलिमीटरवर येतील असं स्केल कोणतं. आणि गाडी कोणती. मोठ्या लाइनीची गाडी वेणूबाईंना फारशी ठाऊकच नव्हती. त्यांचं माहेर भिवापूर. नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, त्यांच्या गावावरून जात असे. आता ती बंद करून तिथे मोठी लाइन घातली आहे. त्या गाडीने त्या आईबरोबर नागपूरला मावशीकडे जात. डब्यात मिरचीची पोती असत आणि उमरेड येईपर्यंत सगळा डबा शिंकत असे. खिडकीच्या सळया धरून बसायचं, एवढंच करायला असे. हे त्या अनेकदा सांगत. लांजेवारांनी ते लग्नापासून ऐकलेलं होतं. ते माप म्हणून त्यांनी आता पहिल्यांदा ऐकलं.

ते नागपूरला गेले. तिथे छोट्या लाइनीचे जुने डबे उभे करून ठेवले आहेत. दोन दिवस ते टेप घेऊन डब्यांखाली, डब्यांवर आणि डब्यांच्या आत होते. तिथल्या रखवालदाराने दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं की काका, डबा विकत घेऊन राहिले का. सळयांमधलं अंतर त्यांनी बेचाळीस ठिकाणी मोजलं. सरासरी दहा सेंटिमीटरला थोडी कमी.

छोट्या लाइनीच्या रुळांमधलं अंतर सातशे बासष्ट मिलिमीटर. परसातला उखडलेला रूळ पंचेचाळीसचा. लांजेवार परतल्यावर भिंतीशी आले आणि त्यांनी मला भागाकार माझ्याच वहीत करायला लावला. सतरा. दहा सेंटिमीटरला सतराने भागायला लावलं. सहाच्या अगदी जवळ.

मी वर पाहिलं. ते एक डोळा मिटून माझा आकडा पाहत होते.

“रूळ बदलाचा नाई,” ते म्हणाले. “तोच रूळ. गाडी बदलली.”

पंचेचाळीस मिलिमीटरचा तोच रूळ मोठी लाइन मानला तर एकास सदतीस. छोटी लाइन मानला तर एकास सतरा. डबा दुपटीहून मोठा. वेणूबाईंच्या बोटाला मोजता येईल असा. सगळी मापं एका जागी आली होती, आणि त्यांतलं एकही त्यांनी वाकवलं नव्हतं. ज्या माणसाने पाच वर्षं एकही आकडा ढकलून बसवला नाही, त्याच्यासमोर आकडे आपोआप बसताना मी पाहिले. मी त्या दिवशी कार्यालयात उशिरा गेले.

मिरची काढून तिथे गुडघ्याएवढा कट्टा बांधला आणि त्यावर रूळ पुन्हा टाकला गेला. या वेळी जोडांमध्ये फटी होत्या. उन्हासाठी तेवढ्या पुरे होत्या, पण लांजेवारांनी आणखी एक गोष्ट केली. फटीच्या कडा गोल न करता तशाच ठेवल्या. चाक वरून गेलं की टक असा आवाज यावा म्हणून. साहूंनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी कामगाराला लेथ बंद करायला सांगितली. “आप? जोड की आवाज? आप बनवा रहे हैं?” लांजेवार म्हणाले की घरात आता गाडी कुठे आहे हे आवाजावरूनच कळणार आहे. साहूंनी त्या खेपेची चाकं एका दिवसात दिली. एकही परत गेलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली. इंजिनात बॅटरी आणि वेग कमीजास्त करायला हातात एक बटण. वेणूबाईंना रुळाजवळ, त्या कट्ट्याशी स्टुलावर बसवलं होतं. मी, साहू आणि मुलगी भिंतीच्या या बाजूला होतो. लांजेवारांनी आम्हाला बोलू नका असं सांगितलं होतं.

गाडी फिरली. वेणूबाईंनी मान थोडी वाकडी केली होती. दुसऱ्या फेरीला त्या म्हणाल्या, “लय घाई करून राहिली.”

लांजेवारांनी बटण थोडं मागे घेतलं.

“अजून. भिवापूरची गाडी अशी नोती पळत.”

त्यांनी आणखी मागे घेतलं. वेणूबाईंनी मांडीवर बोटांनी ठेका धरला आणि लांजेवारांनी खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं. त्या ठेका देत होत्या, ते मोजत होते आणि बटण केसाकेसाने फिरवत होते. वेग स्केलने काढता येत नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. भागाकार केला तर गाडी आजारी वाटते आणि नाही केला तर खेळणं वाटते. त्यासाठी त्या गाडीत बसलेला माणूसच लागतो.

सातव्या फेरीला वेणूबाईंची बोटं थांबली. त्यांनी हात पुढे केला. लांजेवारांनी गाडी त्यांच्यासमोर थांबवली. त्यांनी पहिल्या डब्याच्या छतावर हात ठेवला, मग खाली आणला आणि बोट खिडकीवरून फिरवलं. एका खिडकीवरून, मग पुढच्या, मग तिसऱ्या डब्यापर्यंत. ओठ हलत होते.

“हे तं आमची गाडी होय,” त्या म्हणाल्या. आणि मग, हात तिथेच ठेवून, “दिसली.”

लांजेवार पाठमोरे होते. ते सरळ रुळाच्या टोकाशी जाऊन उकिडवे बसले आणि डावा डोळा मिटून रूळ पाहू लागले. त्यांना उठायला बराच वेळ लागला.

वर्षभरात माझी बदली नागपूरला झाली. नंतर मी एकदाच भिलाईला गेले, मार्चमध्ये, एका सकाळी. त्यांच्या फाटकातून थेट मागे गेले. गाडी चालू होती. बटण वेणूबाईंच्या हातात होतं. कट्ट्यावर रुळाला लागून लाकडाचा एक फलाट नव्याने बांधला होता आणि त्याच्या मधोमध पांढरी खूण होती. गाडी वळणावरून येत होती, जोडांचे आवाज जवळ येत होते, आणि वेणूबाई ते ऐकून गाडी फलाटावर थांबवत होत्या. लांजेवार फलाटाशेजारी जमिनीवर बसून होते, हातात पट्टी.

“किती?” वेणूबाई विचारत.

“चार सेंटिमीटर पुढं,” ते सांगत आणि लिहीत.

मी तिथे अर्धा तास होते. लांजेवारांनी मला बसायला सांगितलं आणि पुन्हा पट्टी लावली. गाडी त्या वेळात आठ वेळा थांबली. आठव्यांदा ती खुणेच्या दीड सेंटिमीटर अलीकडे थांबली. नवव्या फेरीसाठी वेणूबाईंनी बटण फिरवलं तेव्हा मी निघाले.